टेंपररी प्रोफाइल परत परत येत असेल तर १५११ च्या आधीची नोंद बघा

डोमेनवरचा, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरच्या खात्याने आत येणारा, एखादा युजर सकाळी लॉगिन करतो आणि डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर विंडोजचं मूळचं, नेटवर्क प्रिंटर गायब, आउटलूक म्हणतं नवीन अकाउंट टाका, मराठी कीबोर्ड पण गेलेला, आणि कोपऱ्यात एक मेसेज की तुम्ही टेंपररी प्रोफाइलने साइन इन केलंय, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइली-सेटिंग्जच्या फोल्डरऐवजी विंडोजने तात्पुरता कोरा दिलाय. फोनवर आपल्याला ऐकू येतं, "बाब, माझं सगळं परत गेलं हो." परत हा शब्द महत्त्वाचा. एकदाच झालं तर कोणीही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, जाऊन युजरच्या नोंदीपुढे लागलेलं डॉट बॅक काढतो, रीस्टार्ट मारतो आणि चहा पिऊन निघतो. पण दोन-तीन आठवड्यांनी त्याच मशीनवर, कधी त्याच युजरला तर कधी बाजूच्या काउंटरवालीला, परत तेच होत असेल तर डॉट बॅक काढणं म्हणजे फक्त फरशी पुसणं झालं, गळती वरती तशीच आहे.

मी फोंडा, म्हापसा, डिचोली ह्या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो, वीस-तीस मशीन, एक सर्व्हर, त्यावरच ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी) आणि त्यावरच फाइल शेअर असा सगळा संसार. खाली लिहिलंय ते अशा सेटअपसाठीच आहे, हजार मशीनवाल्यांकडे त्यांची स्वतःची टीम असते.

आधी तातडीचं काम. युजरला सांगा की टेंपररी प्रोफाइलमध्ये डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये काहीही सेव्ह करू नका, कारण लॉगऑफ केलं की ते सगळं पुसलं जातं, रीसायकल बिनमध्ये पण येत नाही. सकाळपासून तसंच काम केलं असेल तर त्या फाइली आधी डी ड्राइव्हवर नाहीतर सर्व्हरच्या शेअरवर कॉपी करा, आणि हे लॉगऑफच्या आधी. बरेच युजर घाबरून स्वतःच तीन-चार वेळा लॉगऑफ-लॉगिन करत बसतात आणि पहिल्या वेळी बनवलेलं एक्सेल तिथेच जातं. त्यांचा जुना डेटा मात्र बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये जिथल्या तिथे असतो, ते एकदा उघडून दाखवलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि आपल्याला शांतपणे काम करता येतं. तो फोल्डर तिथे नसेल तर मात्र पुढचं नीट वाचा, कारण मग गोष्ट वेगळी आहे.

आता इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं ॲप्लिकेशन, आणि सोर्समध्ये यूजर प्रोफाइल सर्व्हिसचा फिल्टर लावा. तिथे १५११ नंबरची नोंद दिसेल, म्हणजे लोकल प्रोफाइल सापडलं नाही म्हणून टेंपररी दिलंय. बहुतेक जण हा नंबर बघतात, गुगलवर टाकतात, डॉट बॅकचा उपाय मिळतो, संपलं. पण १५११ हा निकाल आहे, खरं कारण त्याच्या आधीच्या नोंदीत लिहिलेलं असतं. लॉगमध्ये नवीन नोंद वरती असते म्हणून आधीच्या नोंदी १५११ च्या खाली बघायच्या, त्याच मिनिटातल्या, सेकंद जुळवून.

तिथे १५०८ असेल तर विंडोजला त्या युजरची रजिस्ट्री फाइल लोडच करता आली नाही. ही फाइल म्हणजे एनटीयूजर डॉट डॅट, प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये लपवलेली असते. १५०८ च्या तपशिलात शेवटी एक छोटं वाक्य असतं तेच सोनं आहे. तिथे फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय असं लिहिलं असेल तर कोणीतरी फाइल धरून बसलंय, ॲक्सेस डिनाइड असेल तर परमिशन बिघडल्यात, आणि रजिस्ट्री करप्ट असल्याचं लिहिलं असेल तर करप्ट. त्याच्या मागोमाग १५०२ येतं, लोकल प्रोफाइल लोड होत नाही म्हणून, मग १५१५, म्हणजे विंडोजने ते प्रोफाइल बाजूला ठेवलं, आणि डॉट बॅक तयार होतं ते इथेच. म्हणजे डॉट बॅक ही विंडोजने स्वतः घेतलेली खबरदारी आहे, तो आजार नाही. १५२१ असेल तर रोमिंग प्रोफाइलची, म्हणजे सर्व्हरवर राहून युजरबरोबर मशीन-मशीन फिरणाऱ्या प्रोफाइलची, सर्व्हरवरची कॉपी मिळाली नाही, त्याचा रस्ता वेगळा. आणि १५३० दिसलं तर त्याच्या मागे लागू नका, लॉगऑफच्या वेळी कोणतीतरी सर्व्हिस युजरची रजिस्ट्री वापरत होती आणि विंडोजने ती जबरदस्तीने बंद केली एवढंच ते सांगतं, धडधाकट मशीनवर पण ढिगाने असतात.

आणि अजून एक शक्यता, जी मला आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसते: १५११ आहे पण त्याच्या आधी १५०८ पण नाही आणि १५०२ पण नाही. म्हणजे लोड करताना काही बिघडलं असं नाही, लोड करायला तिथे काही नव्हतंच. रजिस्ट्रीत युजरची नोंद आहे आणि डिस्कवर फोल्डर नाही. आता फोल्डर आपोआप कुठे जात नाही, कोणीतरी काढलेला असतो.

हे एका ऑफिसात फार छान बघायला मिळालं म्हणून सविस्तर लिहितो. काउंटरवर सहा मशीन, स्टाफ आळीपाळीने बसतो, आज ह्या काउंटरवर उद्या त्या, त्यामुळे प्रत्येक मशीनवर वीस-बावीस जणांची प्रोफाइलं साचलेली. डिस्क १२८ जीबीची एसएसडी. प्रत्येकाच्या ॲपडेटामध्ये (प्रोग्रॅम आपल्या फाइली ठेवतात तो फोल्डर) क्रोमची कॅश, आउटलूकची ओएसटी फाइल, जुनं टीम्स जे प्रत्येक युजरच्या फोल्डरमध्ये वेगळं इन्स्टॉल व्हायचं, म्हणजे माणशी तीन-चार जीबी कुठे जात नाहीत. डिस्क सतत लाल. तक्रार अशी की सोमवारी कोणाला ना कोणाला टेंपररी प्रोफाइल येतं, आणि त्यातही जी माणसं उशिरा येतात त्यांनाच येतं. आठ वाजता येणाऱ्या बाईंना कधीच नाही, साडेनऊला येणाऱ्याला हमखास. मॅनेजरचं ठाम मत झालेलं की व्हायरस आहे. उशिरा येणाऱ्यांनाच धरणारा व्हायरस असता तर गोव्यातल्या निम्म्या ऑफिसांनी विकत घेतला असता.

इव्हेंट लॉगमध्ये १५०८ नाही, फोल्डर गायब. मग टास्क शेड्युलर उघडलं आणि तिथे एक टास्क, आधी मेंटेनन्स बघणाऱ्यांनी कधीतरी लावलेला, सिस्टम अकाउंटने चालणारा, रविवारी रात्रीचा. आतमध्ये बॅच फाइल, काम एवढंच की यूजर्स फोल्डरमधले ज्यांची मॉडिफाइड तारीख तीस दिवसांपेक्षा जुनी आहे ते फोल्डर उडवायचे, आत्ता लॉगिन असलेला युजर सोडून. हेतू चांगला होता, डिस्क रिकामी ठेवायचा. पण त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या.

पहिली, रविवारी मशीन बंद असतात. टास्कला वेळ चुकली तर लवकरात लवकर चालवा अशी टिक होती, त्यामुळे तो सोमवारी सकाळी मशीन चालू झाल्यावर चालायचा, आणि अशा चुकलेल्या टास्कला विंडोज डीफॉल्टने दहा मिनिटं थांबवतं. म्हणजे मशीन चालू करून लगेच लॉगिन करणाऱ्या बाई तोपर्यंत आत, त्यांना स्क्रिप्ट सोडते. बाकीचे सगळे तिच्या तावडीत.

दुसरी, फोल्डरची मॉडिफाइड तारीख. लोकांना वाटतं की फोल्डरच्या आत काहीही बदललं की त्याची तारीख बदलते. नाही बदलत. फोल्डरमध्ये थेट एखादी फाइल किंवा सबफोल्डर नवीन आला, गेला किंवा त्याचं नाव बदललं तरच ती तारीख सरकते. युजर रोज कामावर येतोय, आत ॲपडेटाच्या पाचव्या पातळीवर हजार फाइली बदलतायत, एनटीयूजर डॅट सुद्धा रोज लिहिली जातेय, तरी वरच्या फोल्डरची तारीख महिनाभर जुनी राहू शकते. त्यामुळे स्क्रिप्टच्या नजरेत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काम करून गेलेला माणूस पण तीस दिवस आलाच नाही असा दिसत होता. कोणाचा फोल्डर जाईल आणि कोणाचा राहील हे नशिबावर, म्हणून कोणाला पॅटर्न सापडत नव्हता.

तिसरी आणि मुख्य, फोल्डर गेला पण रजिस्ट्रीतली नोंद तशीच. विंडोज ती नोंद वाचतं, सांगितलेल्या जागी जातं, तिथे काही नाही, मग टेंपररी. मग कोणीतरी येऊन डॉट बॅक काढतो, नोंद परत त्याच नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी परत टेंपररी. हा खेळ तिथे बरेच महिने चाललेला. नशिबाने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर रीडायरेक्शनने (फोल्डर मशीनवर दिसतो पण असतो सर्व्हरवर) सर्व्हरवर होते म्हणून डेटा वाचला, गेलं ते प्रिंटर, कीबोर्ड, ईमेलची सही असलं किरकोळ.

तेव्हा एकच नियम पाळा, यूजर्समधला प्रोफाइल फोल्डर हाताने शिफ्ट डिलीट करायचा नाही आणि स्क्रिप्टने पण नाही. काढायचं असेल तर सिस्टम प्रॉपर्टीज उघडा, रन मध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल टाईप केलं की येतं, ॲडव्हान्स्ड टॅब, यूजर प्रोफाइल्सची सेटिंग्ज, तिथून डिलीट करा. तिथून काढलं की फोल्डर आणि रजिस्ट्रीची नोंद दोन्ही एकदम जातात. जास्त मशीन असतील तर पॉवरशेलमधून विन३२ अंडरस्कोर यूजरप्रोफाइल ह्या क्लासची यादी काढायची, त्यात स्पेशल (विंडोजची स्वतःची) आणि लोडेड (आत्ता वापरात) असलेले वगळायचे, आणि उरलेल्यांतले नको ते रिमूव्ह सीआयएम इन्स्टन्सने काढायचे, ते पण दोन्हीकडून साफ करतं. एवढं पण करायचं नसेल तर ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम लावायच्या सेटिंग्ज) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये सिस्टम, त्यात यूजर प्रोफाइल्स, तिथे ठराविक दिवसांपेक्षा जुनी प्रोफाइलं रीस्टार्टला डिलीट करा अशी पॉलिसी आहे, काउंटरच्या मशीनला ६० दिवस लावून द्या.

ह्या पॉलिसीचं एक दुखणं आहे. नावातच आहे की सिस्टम रीस्टार्टला. आपल्याकडे माणसं मशीन शटडाउन करतात, रीस्टार्ट कोणी करत नाही, आणि फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन म्हणजे युजर लॉगऑफ होतो पण विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन फाइलमध्ये झोपतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अपटाइम बघा, रोज बंद होणारं मशीन चाळीस दिवस चालू दाखवतं. त्यामुळे पॉलिसी लावून पण काही साफ होत नाही आणि लोक म्हणतात ही पॉलिसी बेकार. ऑफिसच्या डोमेनवरच्या मशीनला फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे, एसएसडीवर ते दहा सेकंद वाचवून काय मिळतं कळत नाही, उलट कॉम्प्युटरची स्टार्टअप स्क्रिप्ट पण त्यात चुकते. दुसरं म्हणजे कधीकधी अँटीव्हायरस किंवा अपडेट सगळ्यांच्या एनटीयूजर डॅटला हात लावून जातो आणि सगळी प्रोफाइलं ताजी दिसायला लागतात, तेव्हा पॉलिसीच्या भरवशावर न राहता वर सांगितलेली यादी अधूनमधून डोळ्याने बघायची.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती, कारण मूळ सापडलं तरी आजचा माणूस कामाला लागला पाहिजे. युजर लॉगिन असताना किंवा नुसता लॉगऑफ करून हे करू नका, मशीन रीस्टार्ट करून लोकल ॲडमिनने आत या. लोकल ॲडमिनचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही ही परिस्थिती मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता पहिल्या भेटीतच विचारतो. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं जा आणि ती अख्खी प्रोफाइल लिस्ट आधी एक्सपोर्ट करून ठेवा. आत एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक कीज दिसतील, ते एकेका युजरचे सिड, म्हणजे ओळख क्रमांक. एकाच डोमेनमधल्या सगळ्यांचा मधला मोठा भाग सारखाच असतो, फरक फक्त शेवटच्या आकड्यात, त्यामुळे घाईत ११०४ च्या जागी ११४० ला हात लागतो आणि चांगल्या चाललेल्या माणसाचं प्रोफाइल बिघडतं. म्हणून सिडवरून अंदाज करू नका, की वर क्लिक करून उजवीकडे प्रोफाइल इमेज पाथ वाचा, तिथे फोल्डरचं नाव असतं. किंवा युजर अजून टेंपररीत असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये हू ॲम आय स्लॅश यूजर चालवून त्याचा सिड कागदावर उतरवून घ्या.

दोन कीज दिसल्या, एक साधी आणि एक शेवटी डॉट बॅक असलेली, तर साधीचा पाथ टेंप फोल्डरकडे असतो. डॉट बॅकचा पाथ बघा आणि तो फोल्डर खरंच डिस्कवर आहे का ते तपासा. असेल तर साध्या कीचं नाव बदलून पुढे डॉट ओल्ड लावा, डॉट बॅकवालीचं डॉट बॅक काढा, तिच्यातले स्टेट आणि रेफकाउंट हे आकडे शून्य करा, नसतील तर नवीन बनवायची गरज नाही, रीस्टार्ट करा आणि युजरला लॉगिन करायला सांगा. फोल्डर नसेल तर डॉट बॅक काढण्यात काही अर्थ नाही, दोन्ही कीज डिलीट करा, रीस्टार्ट, आणि विंडोज स्वतः नवीन प्रोफाइल बनवेल. अर्धवट फोल्डर शिल्लक असेल, म्हणजे नाव आहे पण आत एनटीयूजर डॅट नाही, तर त्याचं पण नाव बदलून ठेवा, नाहीतर नवीन प्रोफाइल नावापुढे डॉट आणि डोमेनचं नाव लावून बनतं, पुढच्या वेळी त्यापुढे डॉट ०००, मग ००१, आणि काही दिवसांनी एकाच माणसाचे चार फोल्डर, खरा कुठला ते देवालाच ठाऊक.

१५०८ मध्ये करप्ट असं आलं असेल तर फाइल एकदा तपासून घ्या, रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी यूजर्सवर उभं राहून लोड हाइव्ह करून ती एनटीयूजर डॅट उघडते का बघा. उघडली तर अनलोड करा आणि परमिशन, धरून बसलेली प्रोसेस ह्या दिशेने जा. नाही उघडली तर फार जीव काढू नका, नवीन प्रोफाइल बनवा आणि जुन्यातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, आउटलूकची सही, ब्राउझरचे बुकमार्क एवढंच आणा. अख्खा ॲपडेटा उचलून नवीन प्रोफाइलवर ओतणारे लोक असतात, स्टार्ट मेनू उघडत नाही म्हणून मग तेच फोन करतात. आणि एनटीयूजर डॅटच्या बाजूला लॉग१, लॉग२ अशा फाइली असतात त्या नावाला फसून जागा करायला डिलीट करू नका, लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेलं लिखाण विंडोज त्यातूनच दुरुस्त करतं.

लाईटवरून आठवलं. जून लागला की हे करप्शनवाले कॉल वाढतात, विजा आणि वारा, दिवसातून चार वेळा लाईट ये-जा, आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, नुसता डबा टेबलाखाली टूं टूं करतोय. सर्व्हरला यूपीएस असतो पण काउंटरच्या मशीनना नसतो, आणि रजिस्ट्री लिहिताना करंट गेला तर नुकसान काउंटरच्या मशीनचंच होतं. एकाच मशीनवर वेगवेगळ्या युजरची हाइव्ह, म्हणजे एनटीयूजर डॅट, वारंवार करप्ट होत असेल तर आधी बॅटरी, मग चेक डिस्क आणि एसएसडीची हेल्थ, सॉफ्टवेअर त्यानंतर. वर्षभर दमट हवेत पडलेल्या जुन्या मशीनमध्ये सीमॉस बॅटरी पण गेलेली असते, मग घड्याळ मागे जातं, आणि डोमेनमध्ये केर्बेरॉसला (लॉगिनची ओळख तपासणारी पद्धत) मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळात डीफॉल्टने ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. त्याने टेंपररी प्रोफाइल थेट येईलच असं नाही, पण शेअर उघडत नाही, रीडायरेक्ट केलेले फोल्डर रिकामे दिसतात, आणि युजरच्या तोंडी तक्रार तीच, सगळं गेलं. म्हणून कोरा डेस्कटॉप दिसला की टेंपररी धरून चालू नका, पाथ बघा. हू ॲम आय बरोबर आणि प्रोफाइलचा फोल्डर पण बरोबर असेल, फक्त फाइली दिसत नसतील तर ते रीडायरेक्शनचं दुखणं आहे, रजिस्ट्रीत हात घालायचा नाही. तिथे युजरच्या मशीनचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारा) बघा, तो फक्त डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीवाल्या सर्व्हरचा हवा. नेट स्लो म्हणून कोणीतरी दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकून जातो, गुगलला तुमच्या ऑफिसचा सर्व्हर कुठे आहे ते कसं कळणार.

कोणीतरी फाइल धरून बसलंय असं आलं असेल तर लॉगिनच्या आधी ते पकडायचं कसं हा प्रश्न येतो. सोपा मार्ग, लोकल ॲडमिनने आत जा, त्या युजरला लॉगिन करू देऊ नका, रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सच्या शोधात एनटीयूजर टाका. कोणाची प्रोसेस त्या युजरची फाइल उघडून बसलीय ते नावासकट दिसतं. बहुतेक वेळा बॅकअपचा एजंट किंवा एकाच मशीनवरचे दोन अँटीव्हायरस, जुना नीट न काढता नवीन टाकलेला. जुन्याला त्याच्या कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा, बॅकअपची वेळ सकाळी लॉगिनच्या गर्दीतून हलवा.

रोमिंग प्रोफाइलवर थोडक्यात. एका इमारतीतल्या ऑफिसला ते चालतं, पण वाळपई-सत्तरी बाजूच्या ब्रँचला व्हीपीएनवरून रोमिंग देऊ नका, पावसात झाड पडून फायबर तुटली की सकाळ गेली. डेस्कटॉपवर कोणीतरी लग्नाचे व्हिडिओ ठेवतं आणि ते दर लॉगिन-लॉगऑफला वर-खाली जातात. फोल्डर रीडायरेक्शन किंवा वनड्राइव्हवर डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स ठेवणं, आणि प्रोफाइल लोकल, हेच बरं. जिथे रोमिंग आहेच तिथे सर्व्हरच्या फोल्डरपुढचा व्ही नंबर बघा. विंडोज ७ चं व्ही२, विंडोज १० ची १६०७ आवृत्ती आली तेव्हापासून व्ही६, आणि ही एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून जुन्या मशीनवरचा माणूस नव्यावर बसला की त्याला कोरं दिसतं. तिथे बिघडलं काहीच नाही, त्याच्यासाठी ते प्रोफाइलच वेगळं आहे.

सगळ्याच नवीन युजरना पहिल्याच लॉगिनला टेंपररी येत असेल तर त्यांच्या प्रोफाइलमध्ये काही शोधू नका, यूजर्समधला डीफॉल्ट नावाचा लपवलेला फोल्डर बिघडलाय, कोणीतरी एखाद्या युजरचं प्रोफाइल त्यात कॉपी करून ठेवलेलं असतं. चांगल्या मशीनवरून त्याच विंडोज आवृत्तीचा डीफॉल्ट फोल्डर आणून ठेवा. आणि कधीतरी खरंच विंडोजचीच चूक असते, २०२० च्या फेब्रुवारीत विंडोज १० चा केबी४५३२६९३ अपडेट आल्यावर बऱ्याच जणांना टेंपररी प्रोफाइल यायला लागलेलं. तेव्हा एकाच सकाळी वेगवेगळ्या ऑफिसांतून फोन आले तर अपडेटची यादी पण बघा.

ज्या मशीनवर आळीपाळीने माणसं बसतात तिथे मी अजून एक पॉलिसी चालू करतो, टेंपररी प्रोफाइलने लॉगिन करू देऊ नका अशी, त्याच यूजर प्रोफाइल्स फोल्डरमध्ये आहे. प्रोफाइल लोड झालं नाही तर युजर सरळ बाहेर. काही जणांना हे कडक वाटतं, काउंटर अडेल म्हणतात. पण तो माणूस बाजूच्या मशीनवर बसू शकतो, आणि तुम्हाला फोन सकाळी नऊला येतो. नाहीतर दुपारी तीनला येतो, सहा तासांच्या नोंदी टेंपमध्ये करून लॉगऑफ झाल्यावर, आणि त्या फोनला माझ्याकडे उत्तर नसतं.

चवथीच्या सुट्टीनंतर मशीन डोमेनला जोडत नाही, सुट्टीत पासवर्ड एक्स्पायर झाला, असं कोणी सांगितलं तर मानू नका. मशीनचा डोमेन पासवर्ड ३० दिवसांनी बदलतो पण बदल मशीन स्वतः सुरू करतं, कपाटात दोन महिने पडलेलं मशीन चालू केलं की ते जुन्याच पासवर्डने जोडतं आणि मग बदलतं. ट्रस्ट रिलेशनशिप, म्हणजे मशीन आणि डोमेनमधली ओळख, तुटल्याचा मेसेज येतो तो बहुतेक डिस्कची जुनी इमेज किंवा सिस्टम रीस्टोर मारल्यावर. तेव्हा डोमेनमधून काढून परत जोडायची गरज नाही, लोकल ॲडमिनने पॉवरशेलमध्ये टेस्ट कॉम्प्युटर सिक्युअर चॅनेल रिपेअरसकट, डोमेन ॲडमिनच्या क्रेडेन्शियलने चालवा. वर्कग्रुपमध्ये नेऊन लोकल युजर बनवून बसलात तर सिड बदलतो आणि त्याच माणसाला तिसरं प्रोफाइल मिळतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता सगळीकडे मशीन बदलणं नाहीतर ११ वर नेणं चालू आहे. अपग्रेडच्या आधी प्रत्येक मशीनवर प्रोफाइल लिस्ट आणि यूजर्स फोल्डर समोरासमोर ठेवून बघा, नोंद आहे पण फोल्डर नाही अशा कीज काढून टाका, सोडून गेलेल्या स्टाफची प्रोफाइलं सिस्टम प्रॉपर्टीजमधून उडवा आणि सी ड्राइव्हवर निदान तीस जीबी मोकळे करा. टास्क शेड्युलर पण एकदा उघडा, कोणी काय लावून गेलंय ते तिथेच सापडतं.